पोलिश वाचताना इंग्रजी बाजूला ठेवा: स्पेलिंगपासून उच्चारापर्यंत, पायरीपायरीने

तिकीट खिडकीवर मी तीन वेळा ‘लॉड्झ’ म्हणालो. काचेपलीकडच्या बाईंनी तिन्ही वेळा मान हलवली. शेवटी फोनवर नाव टाइप करून काचेला लावलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “आ, वूच!” चार अक्षरांचं शहर, आणि माझ्या उच्चारातला एकही आवाज त्यांच्या उच्चाराशी जुळत नव्हता.

दोष जिभेचा नव्हता. मी ते नाव इंग्रजीतून वाचलं होतं. पोलंडला शिकायला किंवा नोकरीला आलेले आपले बहुतेक लोक हेच करतात. लॅटिन अक्षरं दिसली की डोकं आपोआप इंग्रजीत शिरतं. खरं तर पोलिश स्पेलिंग इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे. नियम बसले की कधी न ऐकलेला शब्दही वाचता येतो. आणि इंग्रजांना जे आवाज घाम फोडतात, त्यांतले बरेच आपण घरी रोज काढतो. अडचण होते ती क्रम चुकल्यामुळे. लोक पहिल्याच दिवशी सर्वांत भयंकर नाव उचलतात, अडखळतात आणि सोडून देतात. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

## तयारी

स्वतःची यादी करा. रोज लागणारे दहा शब्द कागदावर उतरवा: राहता ती गल्ली, जवळचं स्टेशन, घरमालकाचं आडनाव, कॉलेज, दुकान. पाठ्यपुस्तकातले शब्द नंतर. पाटीवरून उतरवताना खुणांसकट उतरवा.

खुणांना नावं द्या. पोलिश वर्णमालेत ३२ अक्षरं आहेत आणि त्यांतली नऊ खुणांची आहेत. ए आणि ई यांना खाली शेपटी लागते. सी, एन, ओ, एस, झेड यांच्या डोक्यावर तिरकी रेघ येते. झेडवर कधी रेघेऐवजी टिंब असतं. एलच्या अंगावरून एक काट जाते. या लेखात मी ‘शेपटीचा ए’, ‘रेघेचा एस’, ‘टिंबाचा झेड’, ‘काटेचा एल’ असंच म्हणणार आहे. क्यू, व्ही आणि एक्स अस्सल पोलिश शब्दांत येत नाहीत.

देवनागरीचा संकेत ठरवा. दात ओठाला लागणारा आवाज ‘व्ह’, दोन्ही ओठ गोल करून काढलेला ‘व’. झेब्र्यातला आवाज ‘ज़’ आणि त्याचा जाड भाऊ ‘झ’. हा संकेत शेवटपर्यंत तसाच ठेवा, नाहीतर तुमचीच वही तुम्हाला फसवेल.

## पायरी १: शब्द आधी तोडा, मग वाचा

पोलिशमध्ये सात जोडाक्षरं अशी आहेत की दिसतात दोन-दोन अक्षरं, पण आवाज एकच: सी-एच, सी-झेड, एस-झेड, आर-झेड, डी-झेड, डी-टिंबाचा झेड, डी-रेघेचा झेड. आपण रोमन लिपीत श लिहिताना एसला एच जोडतो, तसाच हा झेड. त्याला वेगळा उच्चार नसतो.

पेन्सिल घ्या आणि जोड्यांभोवती गोल काढा. वायव्येकडच्या त्या बंदराच्या शहराचं स्पेलिंग एस, झेड, सी, झेड, ई, सी, आय, एन असं आहे. गोल काढले की उरतं: (एस-झेड) (सी-झेड) ई (सी-आय) एन. म्हणजे ष्, च्, ए, चि, न. ष्चेचिन. आठ अक्षरांचा डोंगर पाच तुकड्यांत संपला.

> सावधान: आर-झेड क्वचित खरोखरच वेगवेगळे वाचायचे असतात. ‘थंडीने गोठणे’ या क्रियापदात ‘मार्ज़’ असा र आणि ज़ सुटा ऐकू येतो. असे शब्द थोडे आहेत. समोर येतील तेव्हा पाठ करा.

## पायरी २: ओळखीचा चेहरा, वेगळा आवाज

इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण अक्षरं ओळखीची वाटतात.

जे म्हणजे य. ज कधीच नाही. ‘मी’ला पोलिशमध्ये ‘या’ म्हणतात, लिहितात जे-ए.

डब्ल्यू म्हणजे व्ह, काटेचा एल म्हणजे व. मराठीतला व या दोघांच्या मधोमध पडतो, म्हणून आपण दोन्हीकडे तोच वापरतो आणि ऐकणारा गोंधळतो. डब्ल्यूला खालचा ओठ वरच्या दातांना लागलाच पाहिजे, पण ‘व्ह’मधल्या ह चा श्वास सोडायचा नाही. काटेच्या एलला दात लांब ठेवा आणि शीळ घालताना करतो तसा ओठांचा गोल करा. सरावाला पोलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष लेख व्हावेंसा यांचं आडनाव घ्या. आपल्या वर्तमानपत्रांनी त्याला वर्षानुवर्षं ‘वालेसा’ केलं. खरं आहे ‘व्हावेंसा’. सुरुवातीला दात, मध्ये ओठ.

नुसता सी म्हणजे त्स. क नाही, स नाही. इंग्रजीवाल्यांना हा शिकावा लागतो. आपल्याकडे तो चाकात, चुलीत आणि चोरात आहे. ‘चार’ म्हणा आणि मग ‘चाक’ म्हणा. दुसऱ्यातला च हाच तो. साखर म्हणजे त्सूक्येर, रात्र म्हणजे नोत्स, गल्ली म्हणजे उलीत्सा. डी-झेडही असाच: ‘जीव’मधला ज नव्हे, ‘जग’ आणि ‘जाड’मधला.

सी-एच म्हणजे घशातून घासून येणारा ह, उर्दूतल्या ‘ख़ास’च्या जवळचा. नुसत्या एचचा उच्चारही आज तोच. सी-एच पाहून तोंडातून च निघाला, तर ती इंग्रजीची सवय आहे असं समजा.

टी आणि डी म्हणजे त आणि द. ही खास आपली चूक, इंग्रज ती करत नाहीत. शाळेत टी म्हणजे ट, डी म्हणजे ड असं पक्कं बसलेलं असतं. पोलिश त-द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून निघतात. ‘हो’ला ‘ताक’ म्हणतात, प्यायच्या ताकासारखंच. त्याला ‘टाक’ केलंत की परकेपणा लगेच उघडा पडतो. आरही आपला खणखणीत र आहे, इंग्रजीसारखा गिळायचा नाही.

तपासणी: कातोव्हित्से, लुब्लिन, तोरूञ ही नावं मोठ्याने म्हणा. एकदाही जीभ टाळूकडे वळली नाही ना?

## पायरी ३: स्वर

ही पायरी सोपी आहे. ए म्हणजे आ, ई म्हणजे मोकळा ए, आय म्हणजे इ, ओ म्हणजे मोकळा ओ, यू म्हणजे उ. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. सगळे आखूड आणि स्पष्ट. रेघेचा ओ म्हणजे उच्चारात शुद्ध उ, ओ अजिबात नाही. म्हणूनच क्राकूफ, ‘क्राकोव’ नव्हे.

वाय हा स्वर आहे. इ म्हणा आणि जीभ किंचित मागे, अ च्या दिशेने सरकवा. देवनागरीत नाइलाजाने ‘इ’ लिहितो, पण य चा मागमूस येऊ देऊ नका.

आता आपली दुसरी खास खोड. पोलिशमध्ये आपला अ नाही, आणि आपण दोन व्यंजनं एकत्र दिसली की मध्ये तोच सरकवतो. ग्दाञ्स्कचं ‘गदान्सक’ होतं. ग् आणि दा एका श्वासात जमत नसेल, तर ‘आग दा’ म्हणा आणि मग हळूहळू ‘आ’ खाऊन टाका.

## पायरी ४: जाड ओळ आणि मऊ ओळ

इथे थांबा आणि दोन-तीन दिवस द्या.

पोलिशमध्ये श, च, ज आणि झ यांच्या दोन समांतर ओळी आहेत. जाड ओळ: एस-झेड, सी-झेड, डी-टिंबाचा झेड, आणि टिंबाचा झेड किंवा आर-झेड. मऊ ओळ: रेघेचा एस, रेघेचा सी, डी-रेघेचा झेड, रेघेचा झेड. इंग्रजीत एकच ओळ असल्याने इंग्रजीतून गेलेल्याला दोन्ही सारख्याच ऐकू येतात.

आपल्या लिपीत मात्र श आणि ष वेगळे आहेत. बोलताना आपण बहुतेक जण तो फरक विसरलो आहोत, इतकंच. तो परत उकरून काढा:

१. ट म्हणा आणि जिभेचं टोक तिथेच थांबवा.
२. टोक केसभर खाली घेऊन हवा सोडा. हा ष, म्हणजे एस-झेड.
३. आता ओठ हसल्यासारखे ताणा, जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवा आणि मधली जीभ टाळूकडे उचलून ‘शी’ म्हणा. हा मऊ श, म्हणजे रेघेचा एस.
४. गळ्यावर बोट ठेवून दोन्हींत कंप मिसळा. जाडचा होतो झ, मऊचा होतो रेघेचा झेड.
५. दोन्हींच्या आधी त ची टिचकी लावा. दोन वेगळे च मिळतात, कंप मिसळला की दोन वेगळे ज.

जाड ज चं उदाहरण आपल्या घरचंच आहे. ‘जुंग्ला’ हा पोलिश शब्द म्हणजे इंग्रजीमार्गे तिकडे पोचलेलं आपलं जंगल.

इतकी मेहनत कशाला? ‘काषा’ म्हणजे भरड धान्य शिजवून केलेला पदार्थ, आणि ‘काशा’ हे काताझिना नावाच्या मुलीचं लाडकं नाव. त्याहून वाईट जोडी ‘प्रोषे’ आणि ‘प्रोशे’. पहिला शब्द ‘कृपया’, दुसरा ‘डुकराचं पिल्लू’. मी बेकरीत कित्येक आठवडे नम्रपणे डुकराचं पिल्लू म्हणत होतो. कुणी सुधारलं नाही, कारण संदर्भाने कळतं. संदर्भाने कळतं म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं टिकते.

तपासणी: फोनवर रेकॉर्ड करून दोन्ही शब्द ऐका. स्वतःलाच फरक कळत नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी ५: गप्प बसणारा आय

मऊ आवाज लिहायच्या दोन पद्धती आहेत. पुढे व्यंजन असेल किंवा शब्द संपत असेल तर डोक्यावर रेघ. पुढे स्वर असेल तर रेघेऐवजी अक्षरानंतर आय, आणि हा आय स्वतः गप्प असतो. ‘सात’ लिहितात एस-आय-ई-डी-ई-एम. उच्चार ‘शेदेम’, ‘सिएदेम’ नाही. आयपुढे स्वर नसेल, तर तो दोन्ही कामं करतो: आधीचं अक्षर मऊ करतो आणि इ म्हणून ऐकूही येतो, जसा ष्चेचिनमधला ‘चि’.

हे एस, सी, झेड, एन आणि डी-झेड यांच्यापुरतं. पी, बी, एम, डब्ल्यू, के, जी यांच्यानंतर आय आणि मग स्वर आला, तर आयचा य होतो: कुत्रा ‘प्येस’, खेडं ‘व्ह्येश’.

> सावधान: ‘पुन्हा भेटू’ला ‘दो व्हिद्ज़ेञा’ म्हणतात. लोक त्यात मऊ ज घालून ‘व्हिजेनिया’ करतात. त्यातल्या डी-झेडनंतर थेट ई आहे, आय नाही, म्हणून तो ‘जग’चा ज. ‘नमस्कार’च्या ‘जेञ दोब्रि’मध्ये मात्र डी-झेडनंतर आय आहे, म्हणून ‘जीव’चा ज. नजर पुढच्या अक्षरावर हवी.

## पायरी ६: शेपटी म्हणजे अनुस्वार

या पायरीवर मराठी माणसाने खुशाल हसावं. इंग्रजीतल्या पुस्तकांत शेपटीच्या ए आणि ई साठी पानभर नियम असतात. आपल्याला एक वाक्य पुरतं: अनुस्वार वाचता तसाच वाचा.

‘आंबा’ म्हणताना अनुस्वाराचा म् होतो, ‘अंत’मध्ये न्, ‘पंच’मध्ये ञ्, ‘अंग’मध्ये ङ्. ‘संस्था’ आणि ‘अंश’मध्ये मात्र यांतलं काहीच पूर्ण होत नाही, आवाज नाकातून वाहतो. पोलिश शेपटी अगदी असंच वागते. ‘दात’ म्हणजे ‘ज़ोंप’, त्यात म्. ‘सण’ म्हणजे ‘श्फ्येंतो’, त्यात न्. ‘हात’ म्हणजे ‘रेंका’, त्यात ङ्. ‘चेंस्तोहोव्हा’ या तीर्थाच्या गावात स च्या आधी ‘संस्था’सारखा नुसता नाकातला सूर.

तीन गोष्टी मात्र वेगळ्या लक्षात ठेवा:

- शेपटीचा ए म्हणजे ‘ओं’, ‘आं’ नव्हे. अक्षराचा चेहरा इथे सरळ खोटं बोलतो. टेनिसपटू इगाचं आडनाव म्हणून ‘श्फ्योंतेक’, ‘स्वियाटेक’ नव्हे. पीठ म्हणजे ‘मोंका’ आणि यातना म्हणजे ‘मेंका’. दुकानात कोणतं मागायचं ते तुम्ही ठरवा.
- शब्दाच्या शेवटी शेपटीच्या ई चा अनुस्वार जवळजवळ गळून पडतो. धन्यवाद म्हणजे ‘जेंकूये’. पहिला ‘जें’ नाकातला, शेवटचा ‘ये’ साधा.
- एल किंवा काटेच्या एलपुढे शेपटी पुसून टाका. उरतो साधा ओ किंवा ए.

## पायरी ७: शब्दाचा शेवट

घोष व्यंजन, म्हणजे गळ्यात कंप असलेलं, शब्दाच्या टोकाला आलं की त्याचा कंप जातो: ब चा प, द चा त, ग चा क, ज चा च, ज़ चा स, झ चा ष, व्ह चा फ. संस्कृत संधीत ‘वाक्’चा ‘वाग्’ होतो, इथे उलटा प्रवास. भाकरी-पाव म्हणजे ‘ह्लेप’, लिहिताना शेवटी बी. देव, बीच नावाचं झाड आणि पूर्व सीमेवरची बूग नदी, तिघांची स्पेलिंगं वेगळी आणि उच्चार एकच: ‘बुक’.

शब्दाच्या आतही शेजाऱ्याचा परिणाम होतो. अघोषाला, म्हणजे कंप नसलेल्या व्यंजनाला, खेटलेला डब्ल्यू फ होतो. फुटबॉलपटू रॉबर्ट लेव्हान्दोफ्स्की, मारिया स्क्वोदोफ्स्का (म्हणजे मेरी क्युरी). ‘काल’ म्हणजे ‘फ्चोराय’. प, त, क, ह यांच्यानंतरचा आर-झेड ष होतो: ‘माफ करा’ म्हणजे ‘प्षेप्राषाम’.

आता ‘वूच’ उलगडेल. काटेचा एल म्हणजे व, रेघेचा ओ म्हणजे ऊ, डी-रेघेचा झेड म्हणजे मऊ ज, आणि तो टोकाला असल्याने च. पण ‘त्या शहरात’ म्हणायचं तर शेवटी स्वर येतो, टोक उरत नाही आणि झाकलेला ज परत येतो: ‘व्ह वोजी’. रेघेच्या ओचाही साधा ओ झाला, ते पाहा. गाडीतल्या घोषणेत आपलं गाव ओळखू न येण्याचं एक कारण हेच.

आघाताचं, म्हणजे उच्चारातल्या जोराचं, थोडक्यात: शेवटून दुसऱ्या स्वरावर. व्हार्षाव्हा, कातोव्हित्से. प्रत्यय लागून शब्द लांबला की आघात सरकतो: क्राकूफ, पण ‘क्राकूफमध्ये’ म्हणजे ‘फ क्राकोव्ह्ये’. गणित, संगीत, विद्यापीठ अशा ग्रीक-लॅटिन शब्दांत तो आणखी एक घर मागे जातो: मूज़िका, उनिव्हेरसितेत.

तपासणी: यादीतले दहा शब्द आता पुन्हा वाचा. पहिल्या दिवशीच्या उच्चाराशेजारी नवा उच्चार लिहा. किती जुने खोडावे लागले ते मोजा.

## पायरी ८: आता लिहायला घ्या

वाचणं एकमार्गी सोपं आहे, लिहिणं तसं नाही. उ साठी दोन स्पेलिंगं, झ साठी दोन, ह साठी दोन. पोलिश लोकही इथे घसरतात. कातोव्हित्सेमध्ये १९८७ पासून श्रुतलेखनाची देशव्यापी स्पर्धा होते, ती उगाच नाही. युक्ती एकच: शब्दाचं दुसरं रूप आठवा. दुसऱ्या रूपात ओ आला तर इथे रेघेचा ओ. दुसऱ्या रूपात र दिसला तर इथे आर-झेड. ‘मोझे’ म्हणजे समुद्र आणि ‘मोझे’ म्हणजे कदाचित. समुद्राच्या विशेषणात, ‘मोर्स्की’त, र आहे, म्हणून समुद्राला आर-झेड आणि दुसऱ्याला टिंबाचा झेड.

खुणा गाळू नका. शेपटी असलेले ‘पोंच्की’ हे गोड तळलेले गोळे आहेत, शेपटी गेली की ‘पाच्की’, म्हणजे पार्सलं. एस-ए-डी बिनशेपटीचं लिहिलं तर फळबाग, ए ला शेपटी लावली तर न्यायालय. संगणकावर ‘पोलिश प्रोग्रामर’ कीबोर्ड निवडा. उजवा ऑल्ट दाबून मूळ अक्षर दाबलं की खुणेचं अक्षर येतं. झेडला दोन खुणा असल्याने टिंबाचा झेड झेडवर, आणि रेघेचा झेड एक्सवर. यादीत शोधतानाही लक्षात ठेवा, काटेचा एल हे स्वतंत्र अक्षर आहे. ‘वूच’ साध्या एलची सगळी गावं संपल्यावर सापडेल.

आडनावांत ‘स्की’ पुरुषाचं, ‘स्का’ बाईचं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीवर (१९४३ ते १९४८) मराठीत लिहिणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. एकाच घरातल्या नवराबायकोची आडनावं वेगळी दिसली, तर ती छपाईची चूक नसते.

## पायरी ९: तुमचं नाव त्यांच्या तोंडी

ही पायरी कुणी सांगत नाही. तुम्ही त्यांची नावं इंग्रजीतून वाचता, तसेच ते तुमचं नाव पोलिशमधून वाचतात. चव्हाणचा सुरुवातीचा सी-एच त्यांच्या दृष्टीने ह आहे. जाधव आणि जोशी य ने सुरू होतात, सचिनचा ‘साहीन’ होतो, चिन्मयचा ‘हिन्माय’. दवाखान्यात नंबराची वाट पाहताना ‘पान हाव्हान’ अशी हाक आली, तर उठा. ‘पान’ म्हणजे श्रीयुत, बाईंना ‘पानी’.

फोनवर नाव सांगताना अक्षरांची इंग्रजी नावं चालत नाहीत. जे ला ‘योत’, डब्ल्यूला ‘व्हु’, व्हीला ‘फाउ’, झेडला ‘ज़ेत’, वायला ‘इग्रेक’ म्हणतात. शंका असेल तिथे ओळखीचं नाव जोडा, ‘आ याक आदाम’, म्हणजे आदाममधला आ. पासपोर्टवरचं स्पेलिंग मात्र उच्चार नीट व्हावा म्हणून कुठल्याही अर्जावर बदलू नका. तिथे अक्षराला अक्षर जुळावं लागतं, मग हाक ‘हाव्हान’ अशी आली तरी चालेल.